रसाचं बोलावणं

आटत आलेल्या रसाची काहिल चुलीवरून उतरायची वेळ झाली होती. चौघांनी कड्यांमध्ये दांडे घातले होते, गुळव्या मारुतीतात्या फेसाकडे डोळे लावून उभे होते आणि मी उसाच्या चिपाडाच्या गंजीआड मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो.

“भरतेश, दांडा कोण धरायचा? तुझा आजा?” अण्णांनी हाक मारली.

“आलो, अण्णा.”

मी एक ओळ लिहिली, पाठवली, मोबाइल खिशात टाकला आणि दांडा धरला. काहिल उतरली, गूळ निवायला वाफ्यात ओतला, सगळीकडं तो गोड वास सुटला. हात धुऊन पुन्हा मोबाइल काढला तर पडद्यावर इंग्रजीत दोनच वाक्यं होती. नियमांचा भंग केल्यामुळं तुमचं खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे. कारण : व्यापारी आमंत्रणं, आणि एकच मजकूर अनेकांना पाठवणं.

ते खातं बँकेचं असतं तर मला इतकं वाईट वाटलं नसतं. बँकेत माझं असं होतं काय? ह्या खात्यात शलाका होती.

ह्याला आता आठ-नऊ वर्षं झाली. त्या वेळी मी तेहतीस वर्षांचा होतो, शेतकी पदवीधर होतो, वारणेकाठी आमची बारा एकर उसाची जमीन होती, गावात शेवटचं राहिलेलं गुऱ्हाळ आमचं होतं, आणि ह्या सगळ्यापायी माझं लग्न जमत नव्हतं. मुलीकडचे यायचे, पोहे खायचे, अण्णांना म्हणायचे, “मुलगा चांगला आहे, पण शेती बघतो.” जावई त्यांना पुण्यातला पाहिजे असायचा, जाताना गुळाची ढेप मात्र आमची न्यायचे. शेवटी माझा मित्र सुकुमार म्हणाला, “मध्यस्थ बास झाले. आता थेट पोरींशीच बोल.” आणि त्यानं माझ्या मोबाइलवर ओळखी जुळवून देणारं एक ॲप घालून दिलं.

सुकुमार गावात ऑनलाइन सेवेचं दुकान चालवायचा. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, सगळं तो काढून द्यायचा. जगात अर्ज केल्यानं मिळत नाही अशी गोष्ट नाही, ह्यावर त्याची श्रद्धा होती.

ॲप आलं, पण मुलींशी बोलायचं काय? मला एकच बोलणं येत होतं. आमच्याकडं गुऱ्हाळ पेटलं की रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हाक मारायची, रस पाजायचा, गरम गूळ खायला घालायचा आणि पैसे घ्यायचे नाहीत. आलेला माणूस रिकाम्या हाती गेला तर गूळ विटतो, असं माझा आजा म्हणायचा. मग मी तेच लिहिलं : ‘नमस्कार. आमचं गुऱ्हाळ सुरू झालं आहे. रस प्यायला या. काहिल उतरताना आलात तर गरम गूळ मिळेल. पैसे लागत नाहीत. येताना मैत्रिणींनाही आणा.’ मजकूर मनासारखा झाला होता, म्हणून जी जी मुलगी जुळेल तिला तोच पाठवत गेलो.

पुष्कळजणी गप्प राहिल्या. एकीनं किलोचा भाव विचारला. शलाका एकटीच अशी निघाली की तिनं विचारलं, “गूळ झाला हे गुळव्याला कळतं कसं?”

मी तिला सांगितलं, की तात्या थंड पाण्यात थेंब टाकतात, बोटांनी गोळी वळतात आणि ती भांड्यावर मारून आवाज ऐकतात. तिला ते फार आवडलं. ती मिरजेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायची. “मी दिवसभर लोकांना एकच विचारते,” तिनं लिहिलं, “हे स्पष्ट दिसतंय, की ते?” तिचा फोटोही तसलाच होता. डोळे तपासताना नाकावर ठेवतात ती गोल लोखंडी चौकट चढवून हसणारी, त्यामुळं अर्धा चेहरा झाकलेला. दोनतीन आठवडे आम्ही रोज बोलत होतो. मी तिचा नंबर मागितला नव्हता, कारण लगेच नंबर मागणं मला उथळपणाचं वाटायचं. शहाणपण असं नेमकं नको तिथं सुचतं.

त्या दिवशी तिनं विचारलं होतं, “गुऱ्हाळाचं बोलावणं मला एकटीलाच होतं, की सगळ्यांना?”

आणि दांडा धरायला जाण्यापूर्वी मी छाती फुगवून लिहिलं होतं, “सगळ्यांना. आमच्याकडं कुणाला वगळायची पद्धत नाही.”

इतकं चांगलं चाललेलं असताना खातं बंद पडावं, ह्याला मी निव्वळ दुर्दैव म्हणत होतो.

“त्यात काय एवढं,” सुकुमार म्हणाला. “अपील करायचं.”

अपिलाला पाचशे अक्षरांची जागा होती. सुकुमारनं त्यातली बरीचशी ‘महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की’ ह्यातच संपवली. उरलेल्या जागेत त्यानं लिहिलं, की अर्जदार व्यापारी नसून शेतकरी आहे, त्याचं आमंत्रण हा पूर्वापार चालत आलेला पाहुणचार आहे, तरी खातं पूर्ववत सुरू व्हावं.

“शेवट जरा कोरडा वाटतोय,” मी म्हणालो.

“मग गोड करू.” त्यानं लिहिलं, ‘आपण कधी ह्या बाजूस आलात तर आमच्या गुऱ्हाळावर रस पिण्यास अवश्य यावे. सहकाऱ्यांनाही आणावे.’

मला ते फारच सुंदर वाटलं. एवढं अगत्य बघून दगडालाही पाझर फुटेल, असं आम्ही दोघंही म्हणालो. त्याच दिवशी उत्तर आलं. माया नावाच्या बाईंनी लिहिलं होतं : ‘प्रिय भरतेश, तुमची निराशा आम्ही समजू शकतो. तुमच्या अपिलातही व्यापारी आमंत्रण आढळल्यामुळं ते फेटाळण्यात येत आहे.’

सुकुमारनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. “बाई भली हाय,” तो म्हणाला, “पण वरनं दाब असणार. आपण कागद जोडायचे.”

“कसले कागद?”

“रहिवासाचा. चारित्र्याचा. सरपंचाचा. शिक्का बघितला की माणूस नरमतो, लेका.”

“ती माणूस तरी हाय काय? यंत्र असंल.”

“यंत्रालाबी शिक्का कळतो. माझा स्कॅनर बघ की.”

आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. सरपंच पद्मावतीकाकी आमच्या भावकीतल्याच. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

“कसलं खातं म्हणालास?”

“मोबाइलवरचं हाय, काकी.”

“पैसं किती अडकल्यात?”

“पैसं न्हाईत.”

“मग काय अडकलंय?”

सुकुमारनं सांगून टाकलं, “पोरगी अडकलीया, काकी.”

काकींनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग सगळी हकिकत विचारून घेतली. हसतील असं मला वाटलं होतं, पण त्या हसल्या नाहीत. ग्रामसेवकाला म्हणाल्या, “लिवा. सदर इसमास मी लहानपणापासून वळखते. तो गुऱ्हाळावर बोलावतो ते सगळ्यांना बोलावतो. त्याचा बाप बोलावतो, त्याचा आजा बोलवायचा. त्यात वाईट हेतू न्हाई.” जरा थांबून म्हणाल्या, “मुलगा निर्व्यसनी आहे, हेबी लिवा.”

“ते कशाला, काकी?”

“असू दे. कोणतरी वाचंल.”

शिक्का चांगला दाबून मारला. सुकुमारनं कागद पाठवले. मायाबाईंचं उत्तर आलं, की कागदपत्रं मिळाली, प्रकरण विचाराधीन आहे. ‘विचाराधीन’ ह्या शब्दावर सुकुमार खूश झाला, कारण त्याच्या अनुभवात ह्या शब्दापुढं कुठलंच सरकार गेलेलं नव्हतं.

पंचायतीत सांगितलेली गोष्ट गावात लपत नाही. दूधसंस्थेत भांडी रिती करताना लोक मला विचारायला लागले, “झालं का खातं चालू?” एकानं तर सांगितलं, त्याचं सोसायटीचं खातं असंच बंद पडलेलं, आमदारांकडं गेल्यावर सुरू झालं. मी मान हलवायचो आणि पुढं व्हायचो. मी एकदा मिरजेलाही जाऊन आलो. पण मिरजेत डोळ्यांचे दवाखाने काय एकदोन आहेत? पहिल्याच ठिकाणी मला धरून डोळ्यांत औषध घातलं, नजर उत्तम आहे म्हणाले, आणि दिवसभर मला समोरचा माणूस दिसेना. तिथं शलाका असती तरी मला कळली नसती.

खरं सांगायचं तर मला एकच गोष्ट खात होती. ती तिकडं म्हणत असेल, गडी पळाला. नकार खूप पचवले होते, पण मी कुणाला नकार दिला असं कुणाला वाटावं, हे पहिल्यांदाच घडत होतं.

अण्णांना हे दूधसंस्थेतच कळलं. त्या दिवशी चुलवाणात चिपाडं सारता सारता त्यांनी विषय काढला.

“खातं बंद झालं म्हणं.”

“व्हय.”

“रसाला बोलवलं म्हणून?”

“व्हय.”

“काय एकेकाचं.” त्यांनी आणखी एक पेंढी आत सारली. “किती जणींना बोलवलंस?”

“दिसल्या तेवढ्यांना.”

“आणि पायजे किती होत्या?”

“एकच, अण्णा.”

“मग तिला येगळं काय बोलवलंस?”

अण्णा गुऱ्हाळाच्या बाबतीत कुणाला वगळू देत नसत, आणि तेच मला हे विचारत होते. जाळ कमी झाला म्हणून तात्या ओरडले आणि आम्ही दोघं कामाला लागलो.

त्या रविवारी भर उन्हात दोन स्कूटर आल्या. तीन मुली उतरल्या. डोक्याला ओढण्या बांधलेल्या, तोंडावर रस्त्याची धूळ. असे लोक रोजच येत, त्यामुळं मला नवल वाटलं नाही. अण्णांनी नेहमीप्रमाणं हाक मारली, “या या, पोरींनो. बसा. रस घ्या.”

एकीनं लगेच पर्स उघडली. “किती झाले, काका?”

“ठेव ती आत. गुऱ्हाळ हाय, हॉटेल न्हाई.”

“फुकट? सगळ्यांना?”

“आता बघ,” म्हणत अण्णा रस्त्यावर गेले. उसाचा एक ट्रॅक्टर चालला होता, तो थांबवून त्यांनी ड्रायव्हरला ग्लास दिला. मागून आमचा पोस्टमन सुट्टीच्या दिवशीही खाकीतच येत होता, त्यालाही सायकलवरून उतरवलं. मग येऊन म्हणाले, “रस्ता आमचा न्हाई, न्हाईतर मोटारीबी थांबवल्या असत्या.”

तिघी एकमेकींकडं बघून हसल्या. मी डोक्याला फडकं बांधून रसावरची मळी काढत होतो, अंगभर काजळी. त्यांतली सावळी, चष्मेवाली मुलगी ग्लास घेऊन काहिलीजवळ आली.

“मालक तुम्हीच का?”

“मालक ते. मी चिरंजीव.”

“आज कुणाकुणाला बोलावलंय?”

“बोलावणं बंद आहे सध्या,” मी म्हणालो. मन भरून आलेलं असलं की माणूस अनोळखी माणसापाशी बोलतो, तसं झालं माझं. “मोबाइलवरून बोलवायचो. लोकांना तो धंदा वाटला.”

“मग वाईट वाटलं असेल.”

“धंदा म्हणाले त्याचं नाही. एकीशी बोलणं अर्धं राहिलं, त्याचं वाटतं.”

“काय बोलायचं राहिलं होतं?”

“तेच तर मला कळत नाहीये,” मी म्हणालो आणि मळीचा झारा झटकला. “तिनं काहीतरी विचारलं होतं. मी उत्तर दिलं. पण ते चुकलं असावं असं आता वाटायला लागलंय.”

तिनं रस संपवला, ग्लास स्वतःच विसळून ठेवला. काहिल उतरल्यावर अण्णांनी तिघींना उसाच्या कांडक्यांवर गरम गूळ गुंडाळून दिला आणि वर एकेक खडा कागदात बांधून दिला. स्कूटरची धूळ खाली बसायच्या आत मी ते विसरूनही गेलो.

मंगळवारी सकाळी सुकुमार दुकानाचं शटर अर्धंच उघडं टाकून मळ्यात आला.

“चालू झालं,” तो म्हणाला. “सांगितलं न्हवतं? शिक्क्यापुढं कोण टिकतं?”

खरोखरच झालं होतं. मायाबाईंनी लिहिलं होतं, की तक्रारी मागं घेतल्या गेल्यामुळं खातं पूर्ववत करण्यात येत आहे. सुकुमारनं ‘तक्रारी’ हा शब्द वाचलाच नाही, मी वाचला. आत शलाकाचा निरोप होता.

“तक्रार मी केली होती. आम्ही तिघी एका खोलीत राहतो. मी, मुमताज आणि रेवती. रेवतीनं नवीन खातं उघडलं, आणि पहिलाच निरोप आला तो तुमचा. ‘रस प्यायला या, मैत्रिणींनाही आणा.’ मुमताज म्हणाली, अगं हा तर मलाही आलाय. मग मी तुम्हाला विचारलं, तर तुम्ही अभिमानानं सांगितलंत, सगळ्यांना. तिघींनी मिळून तक्रार ठोकली. पण गुळाच्या गोळीचा आवाज सांगणारा माणूस लबाड कसा असेल, हे मनातून जाईना, म्हणून रविवारी खात्री करायला आलो. तुमचे अण्णा पोस्टमनला सायकलवरून उतरवत होते तेव्हाच मला काय समजायचं ते समजलं. काहिलीजवळ तुमच्याशी बोलत होते ती मी. आता एकच. सगळ्यांना मिळतं ते मला मिळालं, गोड होतं. ते मला पुन्हा नको.”

मी चिपाडाच्या गंजीला टेकून बसलो. दोन आठवडे ज्याला मी निव्वळ दुर्दैव म्हणत होतो, ते हे निघालं होतं. आणि मला राग येण्याऐवजी इतका आनंद झाला, की तात्यांना वाटलं मला चटका बसला.

पण लिहायचं काय? रस सगळ्यांचा, गूळ सगळ्यांचा, काकवी सगळ्यांची. आमच्याकडं द्यायला जे होतं ते रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवाल्यालाही मिळत होतं. दुपारभर विचार केला, आणि मग अण्णांचा प्रश्न आठवला. मी लिहिलं :

“येत्या अमावस्येला या. अमावस्येला गुऱ्हाळ बंद असतं. रस नसेल, गूळ नसेल, जाळसुद्धा नसेल. मी असेन. मैत्रिणींना आणू नका.”

तिचं उत्तर आलं, “येते.”

अण्णांना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. “अमावस्येला? खुळा काय रं तू? पोरगी कोण अमावस्येला बोलावतं?”

“तुम्हीच म्हणालात, येगळं बोलव.”

“एवढं येगळं म्हणालो न्हवतो.” पण मग त्यांनी शब्द दिला, की त्या दिवशी ते गुऱ्हाळाकडं फिरकणार नाहीत.

अमावस्येला सकाळपासून मी काहिल घासली. वापर नव्हता, तरी घासली. चुलवाण थंड होतं, घाणा थांबलेला, आणि एरवी जिथं बोललेलं ऐकू येत नाही तिथं चिमण्यांचा आवाज ऐकू येत होता. मला भीती वाटत होती. गुळाआड लपायची मला सवय होती, आणि आज गूळच नव्हता.

ती एकटी आली. स्कूटर लावली, चष्मा पुसला आणि आल्या आल्या विचारलं, “आज कुणाकुणाला बोलावलंय?”

“एकीला.”

“बघू,” म्हणून ती खरोखर गंजीमागं जाऊन बघून आली. मग कट्ट्यावर बसली. “रस?”

“नाही.”

“गूळ?”

“नाही.”

“मग बोलायचं काय?”

“मला गुळाशिवाय काही बोलता येत नाही,” मी म्हणालो. “तुम्ही येणार नाही असं वाटत होतं, त्यामुळं झोपही लागली नाही. एवढंच सांगायचं होतं.”

तिनं चष्मा नाकावर नीट बसवला. मग तिनं तिचा रोजचा प्रश्न काढला. “रविवारची मी स्पष्ट दिसत होते, की आजची?”

“आजची. रविवारी धूर होता.”

ती हसली. ते हसू लोखंडी चौकटीतलंच होतं, फक्त आता पूर्ण दिसत होतं.

ऊन कलेपर्यंत आम्ही तिथंच बसून होतो. ती निघाली तेव्हा स्कूटरच्या हुकाला कापडी पिशवी अडकवलेली होती, आत गुळाचा एक खडा. अण्णा फिरकणार नव्हते. पण माणूस रिकाम्या हाती परत जाणार, हेही त्यांना सोसणार नव्हतं. आडवाटेनं येऊन, पिशवी अडकवून, शब्द राखून ते गेले होते.

लग्न ठरल्यावर मी ते खातं बंद करून टाकलं. सुकुमार महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही. एवढे कागद जोडून मिळवलेलं खातं कुणी आपल्या हातानं बंद करतं का, असं तो गावभर म्हणत फिरला. त्यामुळं गावाला एवढंच कळलं, की भरतेशचं खातं परत बंद पडलं.

पुढच्या बाजारादिवशी शलाका माझ्या मोटरसायकलवर मागं बसली होती. पंचायतीसमोर पद्मावतीकाकींनी हात करून आम्हाला थांबवलं. चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती.

“बंद पडलं म्हणं पुन्यांदा. दाखला देऊ का?”

मी काही बोलायच्या आत मागून उत्तर गेलं.

“देऊ नका, काकी. चालू झालं तर ह्या वेळची तक्रार मी मागं घेणार नाही.”